कमानीच्या विटा

त्या वर्षी अवकाळी पावसानं तुमचं काय नेलं, असं कुणी विचारलं की भट्टीवाली नुसता तळवा उघडून दाखवायची. त्यावर काही नसायचं. साच्याच्या कडेनं पडलेले जुने घट्टे तेवढे होते.

अंगणभर विटा थापल्या होत्या. कच्च्या. ओळीनं, बोटभर फट सोडून, वारा खेळावा म्हणून. जेवायला बसले तेव्हा विटा होत्या, हात धुवायला उठले तेव्हा चिखलाचा गारा होता. सून ताडपत्री घेऊन धावली, मुलगा तिच्यामागं धावला, दोघं घसरून पडले आणि पडल्या पडल्याच ताडपत्री ओढत राहिले. म्हातारी जागची हलली नाही. कच्ची वीट कशी मरते ते तिला ठाऊक होतं. आधी कोपरे जातात. मग कड गोल होते. मग ती बसते, थकल्या माणसासारखी, एका कुशीवर. तिथून पुढं तिला कुणी उठवू शकत नाही.

भट्टी गावाबाहेर, उताराच्या पायथ्याशी. नवरा गेल्यापासून तीच चालवत होती. लोक तिचं नाव विसरले आणि भट्टीवाली म्हणू लागले. मुलगा गवंडी. आईनं भाजलेली वीट तो लोकांच्या भिंतीत घालायचा. सून माती मळायची, थापायची, वाहायची. नातीला सगळे टिल्ली म्हणत. ती विस्तवाकडं जाऊ नये म्हणून छपराच्या खांबाला बांधलेली असायची. जुन्या चादरीची मऊ पट्टी, एक टोक खांबाला, एक कमरेला. पट्टी पोचेल तेवढं तिचं जग.

अशा घरात त्या हंगामात एकच काम आलं. गावाला बालवाडी बांधायची होती. आणि ते काम घेऊन जी बाई आली ती चालत आली नाही, रांगत आली.

*

खोटं नाही. फाटकाशी तिनं चपला काढल्या, गुडघे टेकले आणि अंगणातून हातापायांवर निघाली. मध्ये थांबायची, मान वळवून इकडं तिकडं बघायची, पुन्हा निघायची. चांगल्या कपड्यांतली, केसांत पांढरं दिसू लागलेली बाई. गुडघ्यांना राख लागली तरी झटकेना.

"काय हरवलं?" भट्टीवालीनं विचारलं.

"काही नाही मावशी. हिच्या उंचीवरून काय दिसतं ते बघत होते." तिनं टिल्लीकडं बोट केलं. "इथून तुमचं तोंड दिसत नाही. नुसते पाय दिसतात."

ओळख ना देख, मावशी म्हणून मोकळी. म्हातारीनं पाय आखडून घेतले.

बाई इमारतींचे नकाशे काढायची. गावानंच बोलावलं होतं तिला. उठून उभी राहताना तिची नजर पट्टीवर गेली. हिला बांधलंय का, असं तिनं हळूच विचारलं. इथं विस्तव आहे, म्हातारी म्हणाली, हिचा बापही असाच वाढला, कुठं झिजला नाही. बाईनं मान हलवली. टिल्लीच्या कमरेवर घामानं लाल झालेली एक रेघ होती. ती तिनं पाहिली आणि नजर चटकन दुसरीकडं नेली. ती घाई म्हातारीनं टिपली. शिवी परवडली असती.

सुनेनंही टिपली. तिनं जाऊन पट्टी सैल केली. म्हातारीनं तेही पाहिलं.

*

गावात बोललं गेलं ते असं, या तोंडातून त्या कानात:

ती मुलांना जमिनीवर निजवते. निजवून खडूनं भोवती रेघ मारते. तशी रेघ मेलेल्या माणसाभोवती मारतात. असू दे की, मुलं हसत होती. मुलांचं काय, मुलं साप बघून पण हसतात. हात कुठवर पोचतो, बसल्यावर डोळे कुठं येतात, सगळं मापते. कशाला? खिडक्या म्हणे त्यांच्या डोळ्यांपाशी बसवायच्यात. म्हणजे मोठ्या माणसानं बाहेर बघायचं तर? वाकायचं म्हणे. भिंतीत खोलगट कोनाडे, त्यात मुलांनी बसायचं. छपराचं पाणी पन्हळीतून अंगणात येणार, त्यात मुलांनी पानं सोडायची. एका खोलीतून दुसरीत जायला दार आहे, पण ते मोठ्यांना. मुलांना भिंतीतून बोगदा. बोगदा? कमानीचा, रांगत जायचा. उंदरासारखा? उंदरासारखा. आणि सगळं मातीचं. आणि ती स्वतः राहते कशात? सिमेंटात.

शेवटचं वाक्य सिमेंटवाल्याचं होतं. त्याचं दुकान तिठ्यावर, आणि जीभ दुकानाच्या पुढं दोन पावलं.

*

बाईनं काम समजावलं ते अंगणात उकिडवं बसून. दगडाचा पाया, वर मातीच्या भिंती, छपराला लांब वळचण म्हणजे पाऊस भिंतीला शिवणार नाही. माती इथलीच, हात इथलेच. सरपण वाचेल, धूर वाचेल, उन्हात आत गार राहील. सगळं ती असं बोलत होती जसं शाळेत पाढे म्हणवून घेतात.

"विटा तुम्हीच करायच्या," ती म्हणाली. "भाजायच्या नाहीत. तुम्ही फक्त थापून द्या."

त्यातलं ‘फक्त’ म्हातारीला बोचलं.

"भाजली नाही ती वीट कसली, बाई? तो गारा. आम्ही गारा विकत नाही."

मुलगा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. बाई त्याच्याकडं बघत होती. उत्तर आलं ते सुनेकडून. ती म्हणाली, करतो आम्ही.

सासू समोर बसलेली असताना सुनेनं शब्द द्यावा, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हातारी मनात म्हणाली. पण सुनेला म्हणाली की बाईला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मोठ्यानं एवढंच म्हणाली की माती मळायच्या छपराखाली मी पाय ठेवणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

आणि ठेवला नाही. बायका भांडून बोलायचं सोडतात, हिनं जागाच सोडली.

*

जागा सोडली, नजर नाही. भट्टीच्या आडोशाला बसून ती सगळं बघायची. सून आणि बाई पायानं माती मळायच्या, गुडघ्यापर्यंत, एकमेकींच्या खांद्याला धरून. भुसा पडायचा. मध्येच सून एका पोत्यातून घमेलंभर काहीतरी ओतायची, चाळणीतून. नंतर चाळणी फाटली तर तशीच ओतायची. बाई काहीतरी म्हणायची, सून हसायची. सून अशी हसते हे म्हातारीला नवीन होतं. टिल्ली सुटी होती. चिखलात बसून ती चिखलाचीच पोळी करून चिखलाला भरवत होती.

पोत्यांवर नाव नव्हतं, तोंडं शिवलेली. काय आहे त्यात, हे सुनेला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे छपराखाली जायचं. म्हातारीनं विचारलं सिमेंटवाल्याला. तो त्या बाजूला हल्ली वारंवार यायचा, निघताना एखादा प्रश्न टाकून जायचा, जशी कोंबडी अंडं टाकते.

"राख असणार," तो म्हणाला. "दुसरं काय? फुकटात मिळते. कागदावर काय लिहिलं असेल ते तिलाच ठाऊक. तुमची नात बसणार ना तिथं?"

राख तर भट्टीवालेही मातीत घालतात. राखेनं काही बिघडत नाही. म्हातारीनं ते मनात तसंच ठेवून दिलं, राख.

पुढं एक दिवस मुलगा घरी येऊन नवल सांगू लागला. बाईनं म्हणे वाळलेली वीट पाण्याच्या बादलीत बुडवली, सगळे जेवून आले तरी वीट होती तशी. कोपरासुद्धा गेला नाही. म्हातारीनं विचारलं की बुडवताना तू बघत होतास? होतो. आणि मधल्या वेळात? मधल्या वेळात जेवत होतो. मग झालं तर, ती म्हणाली, गारुडी पण तेवढाच वेळ मागतो. मुलाला ते पटलं. कच्च्या विटेवर त्याचाही जीव बसत नव्हता. त्यानं आयुष्यभर भिंतीत घातली ती खणखणणारी वीट. या विटेवर थापी आपटली की थप्प असा आवाज यायचा, उशीवर मारल्यासारखा.

मग कमानीच्या विटा आल्या. त्यांचा साचा बाईनं वेगळा करवला होता, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला निमुळता. त्या एकीला एक लावत गेलं की आपोआप बाक येतो. वाळायला घातल्या तेव्हा सून कौतुकानं त्यांच्यावरून हात फिरवत होती. म्हातारी लांबून बघत होती आणि तिला विटा दिसत नव्हत्या. टिल्ली रांगत आत शिरलेली दिसत होती. पाय बाहेर, डोकं आत, आणि डोक्यावर हा चिखल. भिंत पडली तर माणूस बाजूला उडी मारतो. बोगद्यात बाजू कुठून आणायची?

बाकीच्या भिंतीचं त्यांनी हवं ते करावं. कमान तिनं ठरवून टाकली.

*

हंगाम सावरायला घरच्या थोड्या विटा पुन्हा थापल्या होत्या, त्यांची भट्टी लावायची होतीच. सून आणि मुलगा दिवसभर बांधकामावर. म्हातारीनं एकटीनं भट्टी रचली, भर दिवसा, कुणापासून काही न लपवता, म्हणून कुणी बघितलं नाही. खाली कोळसा आणि भुशाचा थर, वर विटा उभ्या, फट सोडून, पुन्हा थर. कमानीच्या विटा तिनं पोटात ठेवल्या, जिथं आच सगळ्यात सारखी लागते. उचलताना एक गोष्ट तिला खटकली. विटा हाताला जरा वेगळ्या लागत होत्या, कोरड्या, खरखरीत. एकदा नाकाशी नेऊन वास घेतला. मातीचा होता. बाहेरून चिखल लिंपला. गुडघे दुखायला लागले तेव्हा बसून लिंपला.

संध्याकाळी सुनेनं विचारलं की कमानीच्या विटा कुठं गेल्या. मीच उचलून मागं रचल्यात, ताडपत्रीखाली, पावसाचा काय भरवसा, म्हातारी म्हणाली. सून चकित झाली. मग तिचा चेहरा मऊ झाला. पाय ठेवणार नाही म्हणालेल्या सासूनं आपणहून विटा झाकल्या.

"आत्याबाई, तुम्ही एकट्यानं उचलल्या? मला हाक मारायची."

म्हातारीनं चुलीत फुंकर घातली. धूर झाला ते बरं झालं.

भट्टी पेटली, धुमसली, निवली. उघडताना तिनं पहिली बाकाची वीट काढली आणि दुसरीवर आपटली. खण्ण. लाल, सारखी, एक तडा नाही. नेहमीपेक्षा किंचित हलकी होती, पण भुसा जळाल्यावर तेवढं होणारच. तिनं ती छातीशी धरली, पोराला धरतात तशी, ऊबही तेवढीच होती.

त्याच सुमारास बाई सुनेला घेऊन पलीकडच्या मोठ्या गावी गेली, छपराचे बांबू निवडायला. मुक्काम करून येणार होत्या. मुलगा घरी राहिला. म्हातारीनं हातगाडी भरली, वर पोतं टाकलं आणि बांधकामावर नेऊन त्याच्यापुढं उभी केली.

त्यानं पोतं उचललं आणि खाली सोडलं.

"आई, हे काय केलंस?"

"जे तुझ्या बापानं केलं असतं."

बाईंना काय सांगू, त्यानं विचारलं. काही सांगायचं नाही, ती म्हणाली, वर गिलावा बसला की आत सोनं आहे की शेण, कुणाला दिसतं? हिला काय सांगू, त्यानं विचारलं. हिला म्हणजे बायकोला. यावर म्हातारीनं थापी उचलून त्याच्या हातात दिली. पोरगी तुझी, ती म्हणाली.

त्यानं कमान बांधली. सुंदर बांधली, हे कुणीही कबूल केलं असतं. आणि त्याच दिवशी, जोडणी ओली असतानाच, आतून बाहेरून गिलावा चढवला.

*

बाई परत आली तेव्हा बोगद्यापाशी नुसती उभी राहिली. मग वाकून आतून बघितलं. गिलावा एवढ्यात का, असं तिनं विचारलं. मुलगा थापीवरचा वाळका गिलावा नखानं काढत राहिला. पावसाची भीती वाटली, असं काहीसं पुटपुटला. आकाश तेव्हा ताटासारखं स्वच्छ होतं. बाईनं सुनेकडं बघितलं, सुनेनं नवऱ्याकडं, नवऱ्यानं कुणाकडंच नाही.

घरी सुनेनं एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. मग विचारायचं सोडलं आणि ताट आदळायला सुरुवात केली. त्या घरात आता जो तो दुसऱ्याचं ताट, दुसऱ्याचं तोंड, दुसऱ्याचं येणं जाणं बघत होता. टिल्ली एकटी निवांत. तिला रोज बांधकामावर जायला मिळत होतं.

गिलाव्यावर रोज पाणी मारायचं असतं. मुलगा मारायचा. पाणी आत जिरायचं, भिंत गडद व्हायची, पुन्हा वाळायची. छप्पर चढलं. कोनाडे झाले, मुलं त्यात पाय आखडून बसून पाहू लागली. बुटक्या खिडक्यांतून बाहेर बघायला गावातले बाप्येसुद्धा वाकू लागले, कुणी बघत नाही असं बघून. कारभाऱ्यांनी, म्हणजे गावात ज्यांचा शब्द चालायचा त्यांनी, पाठीचं दुखणं विसरून एकदा बोगद्यात डोकं घातलं होतं म्हणतात. म्हातारी सावलीत बसून बघायची. कमानीकडं बघताना तिला आत कुठंतरी स्वस्थ वाटायचं. बाकी सगळं बाईचं, तेवढा तुकडा तिचा.

पहिला फोड तिनंच पाहिला.

नाण्याएवढा. गिलावा आतून फुगलेला, जसा भाजल्यावर कातडीला येतो. तिनं बोट लावलं, टवका पडला. तिनं तो पायाखाली घेतला. दुसऱ्या दिवशी आणखी फोड होते. टिक असा आवाज यायचा, अगदी बारीक, पाल चुकचुकल्यासारखा, आणि कुठंतरी कण पडायचा. बाईनंही पाहिलं. तिनं कान लावला, हात फिरवला. तिच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी आली. ही माती तिला माहीत होती, हा आजार तिला माहीत नव्हता.

*

टिल्ली आत होती तेव्हाच तो मोठा टवका सुटला. गिलाव्यासकट, तळहाताएवढा. ती रडत बाहेर आली, भुवईवर चीर, डोळ्यात रक्त उतरलेलं. डोळा वाचला होता. पण रक्त दिसल्यावर वाचलेलं कोण बघतं?

सुनेनं तिला उचललं, डोळा उघडून बघितला, पुसला. मग ती बाईकडं वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"तुमच्यावर विश्वास ठेवून मी घरात वैर घेतलं. सासूचा शब्द मोडला मी तुमच्यापायी."

बाई म्हणाली, मला बघू द्या काय झालंय. सुनेनं तिला पोरीजवळ येऊ दिलं नाही.

गाव जमायला वेळ लागत नाही. सगळे तिथंच आले, त्या नव्या छपराखाली. सिमेंटवाला पुढं होता. कच्च्या विटेचं हेच होतं, त्यानं ऐकवलं, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. लोकांनी माना हलवल्या, कारण सगळेच पहिल्या दिवसापासून सांगत होते. कुणी म्हणालं, पोरांना उंदीर समजली ही. कुणी म्हणालं, खडूची रेघ मारली तेव्हाच कळायला हवं होतं. बाई मधोमध उभी होती, हाताला चिखल, आणि ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती की असं होत नाही, या विटेला असं होत नाही. जितक्यांदा म्हणाली तितकी ती खोटी वाटू लागली.

कारभाऱ्यांनी निकाल दिला. हे सगळं पाडायचं. चार सरळ भिंती, वर स्लॅब, काम सिमेंटवाल्याला. होईल पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. तोवर पोरं जिथं होती तिथं राहतील.

म्हातारीचं म्हणणं खरं ठरलं होतं. कुणीतरी तिच्याकडं बघून बोललंही, भट्टीवाली काय उगाच पाय ठेवत नव्हती. सुनेनं पोरीला खांद्यावर घेऊन तिच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात पहिल्यांदाच मान तुकवलेली होती. तुम्ही बरोबर होता, असं ते बघणं होतं. म्हातारीला वाटलं होतं हे मिळालं की बरं वाटेल.

तिच्या पायाशी तो टवका पडला होता. तिनं तो उचलला. मागच्या बाजूला विटेचा लाल कपचा चिकटून आला होता आणि कपच्याच्या मधोमध, डाळीच्या दाण्याएवढा, पांढरा ठिपका. तिनं तो बोटानं चुरला. पीठ झालं. जिभेला लावलं. जीभ पोळली.

चुना.

भट्टीवाल्याच्या पोराला चालायच्या आधी हे शिकवतात. मातीत चुनखडीचा खडा दिसला तर ती माती टाकायची. खडा भट्टीत भाजला की झोपतो, आणि पाणी लागलं की जागा होऊन फुगतो, वीट आतून फोडतो. कच्च्या विटेत तोच खडा जन्मभर गप्प पडून राहतो. पोत्यात राख नव्हती. चुना होता, बादलीतली वीट त्याच्यामुळंच तगली होती. फाटक्या चाळणीतून त्याचे दाणे तसेच गेले होते, आणि ते निजलेले दाणे तिनं स्वतःच्या हातानं पेटवून टिल्लीच्या डोक्यावर ठेवले होते.

मुलगा तिच्याकडं बघत होता. त्याला तिच्या तोंडावरून कळलं. तो किंचित मान हलवत होता, नको म्हणून. गप्प बसली असती तर काहीच झालं नसतं. बाई गेली असती, भिंत गेली असती, नाव राहिलं असतं.

कोपऱ्यात मुलाचा घण पडला होता. म्हातारीनं तो ओढत आणला, कारण उचलवत नव्हता. लोक अजून बोलत होते. पहिला घाव कमानीच्या माथ्यावर बसला तेव्हा सिमेंटवाला म्हणाला, बघा, म्हातारीलाही राहवेना. दुसऱ्या घावाला गिलावा सुटला. तिसऱ्याला वीट निसटली आणि मग कमान कमानीसारखीच आली, एकदम, सगळी.

धूळ बसली तेव्हा तपकिरी जमिनीवर लालभडक ढीग होता.

कुणालाच लगेच कळलं नाही. मग एकेक करून कळलं, आणि बोलणं एकेका तोंडात थांबत गेलं. बाईनं एक तुकडा उचलला. तिनं गवंड्याकडं पाहिलं. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता.

"मी भाजल्या," म्हातारी म्हणाली. दम लागला होता, घणाच्या दांड्यावर वाकून ती बोलत होती. "कमानीच्या तेवढ्या. याला काही विचारू नका, हा माझं ऐकतो. पावसात कच्ची वीट काय होते ते मी बघितलंय. माझी नात आत जाणार होती."

सुनेनं टिल्लीला खाली ठेवलं. ती सासूच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"त्यात चुना होता, आत्याबाई. मी घातला, माझ्या हातानं. एकदा विचारायचं होतं मला."

"हो," म्हातारी म्हणाली. "तुलाच विचारायचं होतं."

कारभारी खाकरले. सिमेंटवाल्यानं काहीतरी सुरू केलं, पण लोक ढिगाकडं बघत होते. थोड्या वेळानं एक जण निघाला, मग दुसरा. पाडायचं की नाही ते पुन्हा कुणी काढलं नाही. ज्यांनी पाडा म्हटलं होतं ते हळूहळू, पाडा म्हटलंच नव्हतं, अशा चालीनं घरी गेले.

*

नव्या विटांची माती म्हातारीनं मळली. ती छपराखाली गेली तेव्हा सून सरकली नाही, बस म्हणाली नाही, नुसती नवी चाळणी तिच्या बाजूला सरकवली. म्हातारीनं चुना चाळला. दाणा दिसला की वेचून बाहेर. बोटांना भेगा पडल्या, त्यात चुना गेला, तिनं तेल लावलं आणि पुन्हा बसली. घरात मुलाशी सून अजून कामापुरतं बोलत होती. म्हातारीशी त्याहून थोडं कमी.

विटा वाळल्या तशी ती एकेक बाईकडं नेऊन द्यायला लागली. बाई आता मावशी म्हणत नव्हती. काहीच म्हणत नव्हती. वीट हातात घ्यायची, उन्हात धरायची, आणि अंगठ्याच्या नखानं तिच्या कडेवर ओरखडा काढायची. भाजलेल्या विटेवर नख उमटत नाही. उमटलं की वीट गवंड्याकडं. प्रत्येक वीट. एकही तिनं तशी घेतली नाही, आणि बांधकामावरचे सगळे ते बघत होते.

मुलाला ते सहन होईना. दुपारी त्यानं आईला बाजूला घेऊन सांगितलं की तू घरी जा, मी आणतो विटा, तुला असं उभं करून तपासतायत.

"तपासू दे," ती म्हणाली.

कमान तिच्या कमरेएवढी आली होती. आतून गिलावा करायचा नाही, असं बाईनं ठरवलं होतं, वीट उघडी दिसली पाहिजे. टिल्ली मधूनच आत डोकावत होती, भुवईवर पट्टी लावलेली, आणि सून तिला मागं ओढत होती, अजून नाही, अजून ओली आहे. म्हातारीनं पुढची वीट उचलली. क्षणभर तिनं ती स्वतःच उन्हात धरली, चारी कडा पाहिल्या, मग बाईच्या हातात दिली. बाईनं ओरखडा काढला आणि वीट पुढं करण्यासाठी हात लांब केला.

"या अंगाला पण बघा," म्हातारी म्हणाली.

बाईनं तिच्याकडं पाहिलं. मग वीट उलटी केली, आणि त्याही अंगाला नख लावलं.